पायलीभर धुरसाळ

सोपान, तुझ्या दहाव्याला सात जण माईकवर बोलले. त्यातले चार तरी तुला आवडत नव्हते. पहिल्यानं तुला भातमहर्षी केलं, दुसऱ्यानं तुझ्या नावाची कमान मागितली, तिसऱ्याला तुझं नाव चिठ्ठीत बघावं लागलं. शेवटी सरपंच म्हणाले, “सोपानतात्या गेले, पण त्यांचा उजवा हात आपल्यात आहे. त्यांचं बियाणं ज्यांनी गिरणीत जिवापाड जपलं, ते आमचे रघुनाथशेठ आता हा वारसा चालवतील.” सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले. जोडताना मला काहीच अडचण आली नाही, हे तुला आधी सांगून ठेवतो.

आता वाचनालयाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितलीत. गिरणीच्या पाटीपलीकडं मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. बोलतोही कमी. “ह्याच्या तोंडाला शेण लिंपलंय, बियाच्या मडक्यासारखं,” असं तूच चारचौघांत म्हणायचास. आज मडकं फोडतो. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

आपली सुरुवात काड्यापेट्यांपासून झाली. आपली म्हणतोय, लक्षात ठेव. तू थोरल्या चुलत्यांचा, माझ्याहून दीड वर्षानं मोठा. पिरंगुटच्या एसटी थांब्यामागं, पौडच्या बाजारात बिड्या ओढणाऱ्यांच्या पायांशी मी रिकाम्या पेट्या हुडकायचो आणि तू वहीत चित्रं लावायचास. चित्र फाटू नये म्हणून तापत्या दुधाच्या वाफेवर पेटी धरायची, ही युक्ती माझी. एकदा पेटी दुधातच पडली. काकीनं झोडपलं तेव्हा तू लगेच म्हणालास, “ह्यानं शिकवलं.” खरंच होतं ते. वहीच्या पहिल्या पानावर तू दोघांची नावं घातलीस. अक्षर तुझं, म्हणून नाव तुझं आधी. मला तेवढं पुष्कळ होतं. ती वाफ, तो डिंकाचा वास, वाफाळलेल्या कागदाला फुंकर घालणारं तुझं तोंड. माझ्या सुखाची यादी करायची झाली तर ती तिथंच निम्मी संपते.

दहावीच्या सुट्टीत एका सकाळी तू वही आणि पेट्यांचे दोन्ही डबे आणून माझ्या ओट्यावर ठेवलेस.

“घे. सगळं तुझं.”

“का रं?”

“काड्यापेट्यांत काय हाय? सगळ्या सारख्याच.”

दोन दिवस मी हरखून गेलो होतो. तिसऱ्या दिवशी कळलं, डबे माझ्याकडं आलेत आणि तू गेलायस.

मग नाणी. म्हाताऱ्यांच्या चंच्या, बायांचे बटवे, सगळीकडं तुझा हात. तू काही संत नव्हतास, सोपान. माईकवरच्या सातांना ते माहीत नव्हतं. एका पोराच्या करदोट्याला दृष्ट लागू नये म्हणून भोकाचा पैसा बांधलेला होता. तो तू एक शिट्टी देऊन सोडवून घेतलास. पोर चार दिवस तापलं. त्याची आई तुझ्या नावानं बोटं मोडत दारात आली, तर तू आत बसून पैसा चिंचेनं घासत होतास. “तापाचा नि पैशाचा काय संबंध?” म्हणालास. संबंध नव्हताच. पण तू उठून बाहेर आला नाहीस. गेलो मी. बोलणी खाल्ली मी. नाण्यांचा तुला कंटाळा आला तेव्हा ती पेटीही माझ्याकडं आली, तिच्यात तो पैसाही होता.

तुला कंपनीत स्टोअरला नोकरी लागली, मी गिरणी टाकली. दोघांची लग्नं झाली. ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि तू घुंगुरमाळा गोळा करायला लागलास. ह्या खेपेला मला सांगितलंसही नाहीस. तुझ्या ओसरीत एकदम ओळीनं टांगलेल्याच दिसल्या. तू एकेक वाजवून दाखवायचास आणि डोळे मिटून बैलाचं नाव सांगायचास. तेव्हा मला तुझा अभिमान वाटायचा. तुझ्यामुळं मला ऐकू यायला लागलं, हे खोटं नाही. पुढं पौड रस्त्याच्या हॉटेलवाल्यांनी शोभेला तसल्याच माळा टांगल्या, तसा तुझा जीव त्यांच्यावरून उडाला. दोन पोती भरून माझ्या गिरणीच्या माळ्यावर. “तुझ्याकडं जागा हाय,” एवढंच म्हणालास. तुझा छंद बदलला की माझ्या घरी एक पेटी यायची. तू मोकळा व्हायचास, मी भरत जायचो. तुझं मन उडालेल्या वस्तूंत राहणारा माणूस होतो मी, आणि त्या वस्तूंतलीच एक.

त्यानंतर मापं. शेर, अधोली, पायली. वजनकाटे आल्यावर ती लोकांच्या उकिरड्याशी पडली होती. धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत एका म्हातारीनं तुला लाकडी पायली दिली. रिकामं माप घराबाहेर द्यायचं नाही म्हणून तळाशी मूठभर भात टाकून दिली. तू भात बाहेर ओतलास, पायली पुसलीस, मग भाताकडं बघितलंस. टरफल धुरकट, चुलीवरच्या भिंतीसारखं. “हे कुठलं?” म्हातारी म्हणाली, “धुरसाळ. आता कोन लावत न्हाय. एवढंच ऱ्हायलंय.”

त्या दिवशी तुझं सगळं जुनं संपलं. पायली माझ्याकडं आली, मूठ तुझ्याकडं राहिली.

तुझ्यात काय बदललं ते मला तेव्हा कळलं नाही, आता थोडं कळतंय. काड्यापेटी, पैसा, घुंगरू, माप, हे सगळं तू पेटीत घालून विसरू शकत होतास. भात विसरता येत नाही. दोन वर्षं पेरलं नाही की ते मरतं. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा तुला असलं काही सापडलं, जे सोडून देता येत नव्हतं. तू बदललास. रोपांच्या वाफ्यासाठी राब भाजायला लागलास, चिखलात उतरलास, एकेका लोंबीला कापडाची चिंधी बांधून वर नाव लिहायला लागलास. आणि मी मनात म्हणालो, आम्ही सगळे सोडून देण्याजोगे होतो, आणि हे गवत तेवढं नव्हे होय?

मुठीचं शेरभर झालं, शेराचं दीड पायली. एक दाणाही तू शिजवला नाहीस. वहिनी म्हणायच्या, “अवो, चव तरी बघू द्या.” तू म्हणायचास, “बी हाय ते, खायचं न्हाई.” चौथ्या वर्षी अर्धी पायली पेरलीस आणि पीक लोंबीत आलं तेव्हा रानडुकरांनी एका रात्रीत खाचर लोळवलं. एक लोंबी हाती लागली नाही. उरली ती मागं ठेवलेली पायली. तुझ्या घराचं छप्पर दुरुस्तीला उचकटलेलं, सामान अंगणात, उंदरांचा सुळसुळाट. तू पत्र्याचा डबा छातीशी धरून गिरणीत आलास. आत राख, कडुलिंबाचा पाला आणि धुरसाळ.

“रघू, तुझ्याकडं ठेव. तुझ्याकडं मांजर हाय.”

“ठेव की.”

“शेवटचं हाय.”

“व्हय रं, समजलं.”

समजलं होतं. सगळं समजून घेऊन ठेवला मी डबा.

धुरसाळीमागोमाग तू जुन्या भाताच्या आणखी जाती जमवल्या होत्यास. पंधरवड्यानं पुण्याहून वीस-पंचवीस माणसं ती बियाणी बघायला आली. अंगणात सतरंजी, मध्ये तू. मी चहाचा ट्रे घेऊन उभा. एका बाईंनी विचारलं, “धुरसाळ कुठाय?” तू माझ्याकडं बोट केलंस. “हे आमचे गिरणीवाले. बी मारायचं ह्यांचं काम. ह्यांच्या गिरणीत गेलेलं भात उगवत नाही, आमचं एक डबडं सोडून. वाघाच्या गुहेत शेळी ठेवलीय बघा!” लोक हसले. मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, हा गोळा करायचा नाद लागला कसा? तू काड्यापेट्यांपासून सांगितलंस. एसटी थांबा, पौडचा बाजार, दुधाची वाफ. सगळं आलं. “कुणी सोबत होतं का?” “नाही हो. एकटाच. घरात दुसऱ्या कुणाला वेड नव्हतं.”

मी तुझ्यापासून चार हातांवर होतो. तू मुद्दाम म्हणाला नाहीस, हे मला तेव्हाच दिसलं. तू खरंच विसरला होतास.

मी ते रागाच्या भरात केलं असं कुणी म्हणेल. तसं नाही. मध्ये नऊ दिवस गेले. रोज मी डबा उघडून बघत होतो. दहाव्या दिवशी आमच्याकडं नवं होतं. नव्या भाताचा पहिला नैवेद्य, भाऊबंदांना जेवण. दर वर्षी तू आणि वहिनी यायचा. सकाळी गिरणीत कुणी नसताना मी धुरसाळ पाखडली, राख झटकली, भात सडायच्या हलरमध्ये ओतली. एवढंस्सं भात, मिनिटभरात सालं निघाली. आतला तांदूळ पांढराच होता, जरा आखूड. बायकोच्या हातात दिला, म्हणालो, आज हाच शिजव. तिला काही ठाऊक नव्हतं.

ठरवलं असं होतं की तू जेवत असताना सांगायचं. पहिल्या घासाला नाही, अर्ध्या ताटावर. तुझं तोंड बघायचं होतं मला. वाफेत फुंकर घालणारं ते तोंड.

तू भात कालवलास. “रघू, नव्याचा भात असा मोकळा कसा रं? गोळा व्हायला पायजे.”

“पाणी कमी पडलं असंल.”

“न्हाई, जुना हाय हा.” घास तोंडात घोळवलास. “पण गोड लई हाय. कुठला?”

“पौडवरनं आणला.”

“इचारून ठेव कुणाचा ते.” आणि ताट पुढं केलंस. दोनदा वाढून घेतलंस. वहिनींनीही घेतला. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तू बोट चाटत म्हणालास, “पुढल्या पावसाळ्यात धुरसाळ तुझ्या खाचरात लावू. वड्याच्या कडंचं. डुकरं येत न्हाईत तितं. तू नि मी. पयल्यासारखं.”

पहिल्यासारखं. तुला आठवण झाली होती. दहा दिवस उशिरा, माझ्या घरी, तोंडात तोच घास असताना. मी म्हणालो, “ताक घे.”

बाकीचं तुला माहीत आहे, म्हणजे तुला जे सांगितलं ते माहीत आहे. वैशाखात राबाला तू डबा मागितलास. मी म्हणालो, उंदरांनी पाडला, खाल्लं सगळं. तू ओरडशील असं वाटलं होतं. तू सूप मागितलंस. गिरणीमागच्या तुसाच्या ढिगात दोन दिवस बसून तू पाखडत होतास, नाकातोंडात कोंडा. माझी बायको चहा आणून द्यायची आणि पदरानं डोळे पुसायची. मी आत चक्की चालवत होतो. तुला अकरा दाणे सापडले. तू धावत आलास, मुठीत धरून. लावलेस. उगवली ती नेहमीची इंद्रायणी.

तुझ्यादेखत मी पिंजरा लावला. उंदीर सापडला. “ह्यानं खाल्लं?” तू विचारलंस. मी म्हणालो, “ह्यानंच.” तू पिंजरा उचलून बांधावर नेलास आणि दार उघडलंस. “जा बाबा,” म्हणालास. “तुला काय म्हाईत, काय खाल्लंस ते.”

मग तू चालायला लागलास. ती म्हातारी तोवर वारली होती, तिची पोरं खाली कामाला आली होती. तीन वर्षं वाडी-वाडी, घर-घर. कुणाच्या कणगीत, कुणाच्या आढ्याला, कुठं तरी एखादी धुरकट लोंबी असेल म्हणून. दर घरात सांगून यायचास, दिसलं तर मूठभर ठेवा. संध्याकाळी गिरणीत येऊन माझ्यापुढं पाय पसरायचास. “न्हाई गावलं. उद्या पलीकडच्या अंगाला जातो.” एक वाक्य बोललो असतो तर तुझे पाय थांबले असते. तीन वर्षांतल्या कुठल्याही संध्याकाळी. मी विचारायचो, “चहा घेणार?”

खरं सांगू? त्या तीन वर्षांत तू रोज माझ्याकडं येत होतास. तेवढा तू वहीच्या दिवसांतही आला नव्हतास. मला ते आवडत होतं. सगळ्यात वाईट गोष्ट ही आहे, सोपान. भात शिजवला ते हिच्यानंतर.

दवाखान्यात वहिनी औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा आपण दोघंच होतो. तुला धाप लागत होती. तू उशीखालून कागद काढलास. “चार वाड्या ऱ्हायल्यात. तू जाशील न्हवं?”

“बरा हो, मिळून जाऊ.”

“तू मनाला लावून घेतलंयस. मला दिसतंय.” तू माझं मनगट धरलंस. “तुझी चूक न्हवती ती. माझीच. मांजर म्हातारं झालतं, मला दिसत होतं, तरी ठेवलं.”

मी संत्रं सोलत होतो. सोलून झालं. एकेक फोडीच्या शिरा काढल्या. तू दोन फोडी खाल्ल्यास. तेवढ्यात वहिनी आल्या.

तेराव्यानंतर मी वहिनींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. सगळं ऐकून घेतलं, हलरपासून संत्र्यापर्यंत. मग म्हणाल्या, “म्हंजी मी बी खाल्लं.”

“व्हय, वहिनी.”

“दोनदा वाढून घेतलं मी. तुमीच वाढलं.” एक खडा काढून त्यांनी अंगणात फेकला. “त्येंच्या पायाला मी रोज तेल लावायची, भावजी. भेगांत बोट जायचं माजं.”

मी मान खाली घातली. मला वाटतं, रडलोही.

“हितं रडू नका. मला सांगून तुमी मोकळं झालात, मी काय करू त्याचं? वर लोक अजून हुडकत्यात. एकेक मूठ बाजूला काढून ठिवत असतील त्येंच्यासाठी. त्येंना जाऊन सांगा. जितं जितं ते गेले तितं समदीकडं. आन् मग हितं येऊ नका.”

म्हणून निघालो. आधी तू माझ्यावर टाकलेल्या, तुझ्या कागदावरच्या चार वाड्या घ्यायच्या ठरवल्या. काल पहिलीवर गेलो. तू तिथं एकदा अर्ध्या चढापर्यंत येऊन गेला होतास म्हणे, वाटेत भेटलेल्या बायांकडं निरोप दिला होतास. शेवटच्या चढाला मला तीनदा बसावं लागलं. असले चढ तू रोज कसे चढायचास?

पहिल्याच घरात ठकूबाई म्हणून एक बाई. तुझं नाव काढताच तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं, “बसा” म्हणाली आणि आढ्याला खोचलेल्या पाच पुरचुंड्या काढून माझ्यापुढं मांडल्या. “ह्ये म्हायेरचं. ह्ये जावंच्या घरचं. ह्ये तिकडं लांब लेक दिलीय, तिकडचं. बगा, ह्यात हाय का त्यांचं?”

मी एकेक सोडून बघितली. पाचव्या पुरचुंडीतला भात धुरकट होता. अंगठ्यानं दाणा घासला, तर काजळी निघाली. आढ्याचा धूर बसला होता नुसता.

त्या घडीलाही मला गप्प बसता आलं असतं. नाही म्हणायचं, चहा प्यायचा, उतरायचं.

“बीवालं दादा न्हाय आलं?” तिनं विचारलं.

“गेले ते. महिना होईल.”

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. “चांगला मानूस. मंग आता तुमी हुडकताय व्हय?”

“न्हाई. हुडकू नका आता, हे सांगायला आलोय.”

“का? गावलं?”

“न्हाई. माझ्यापाशीच होतं. शेवटचं. मी शिजवलं. त्यालाच वाढलं, न सांगता.”

तिला ते लगेच कळलं नाही. ती माझ्या तोंडाकडं, मग माझ्या कपड्यांकडं, हातातल्या घड्याळाकडं बघत राहिली. तिच्या डोक्यात बी खाण्याचं एकच कारण बसत होतं.

“घरात खायाला नव्हतं व्हय?”

“होतं.”

“मंग?”

ह्या ‘मंग’चं उत्तर मी वर दोन पानं लिहिलंय. काड्यापेट्यांचं काय सांगणार होतो तिला?

ती उठली. पाचही पुरचुंड्यांना पुन्हा गाठी मारल्या आणि आत नेऊन ठेवल्या. चहा उकळला होता. तिनं भांडं उतरवून खाली ठेवलं, त्यावर झाकण घातलं आणि दारात उभी राहिली.

“उजेड हाय तवर उतरा,” म्हणाली.

तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, सोपान.